ख्रिस्ती शेजाऱ्यांचे उपक्रम आणि आपला विहार



शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी अलीकडे बुद्ध धम्माचा स्वीकार केला आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. डिसेंबर महिना लागला की शेजारची ख्रिस्ती मंडळी नाताळाचे आमंत्रण घेऊन दारी येते. दाराशी चांदणी लागते, गव्हाणीचा देखावा उभा राहतो, मुले गाणी म्हणत वस्तीतून फिरतात. पुढे कधी आरोग्य शिबिर भरते, कधी स्त्रियांसाठी शिवणवर्ग निघतो, कधी मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी खेळ, गोष्टी आणि खाऊ असा आठवडाभराचा वर्ग चालतो. अशा वेळी आपण जावे की न जावे? लेकरांना पाठवावे की घरी अडवून ठेवावे?

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक म्हणतो, "पाऊल टाकू नका, तुम्हांला बाटवतील." दुसरा म्हणतो, "खाऊ मिळतो, औषध मिळते, आपले काय जाते?" आमच्या मते ही दोन्ही उत्तरे बौद्धाला शोभणारी नाहीत. पहिल्यात भीती आहे आणि दुसऱ्यात लाचारी आहे. भीती आणि लाचारी ही तर आपल्या पूर्वजांच्या गळ्यातील जुनी ओझी होत. ती उतरवून ठेवण्यासाठीच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लाखो लोक परमपूज्य बाबासाहेबांच्या मागे उभे राहिले. मग तीच ओझी नव्या नावाने पुन्हा खांद्यावर का घ्यावीत?

"बाटणे" हा शब्द तरी कोणाचा, याचा विचार करा. दुसऱ्याच्या हातचे पाणी प्याल्याने, दुसऱ्याच्या पंक्तीस बसल्याने माणूस बाटतो, ही कल्पना ज्या व्यवस्थेने निर्माण केली, तिनेच आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले. आपण ती व्यवस्था सोडली. शेजाऱ्याच्या घरचा केक खाल्ल्याने जर आपला धम्म जात असेल, तर तो धम्म आपल्या अंगी कधी आलाच नव्हता, असेच म्हणावे लागेल. धम्म हा शीलाचा आणि विचाराचा विषय आहे; तो ताटातल्या अन्नाने येत नाही आणि जातही नाही.

हे उपक्रम लोकांना का ओढतात?

ठाणे-वसईच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती समाज सोळाव्या शतकापासून नांदत आला आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत त्याची वस्ती विरळ आहे. तरीही त्यांच्या लहानशा मंडळीच्या कार्यक्रमास शेजारीपाजारी जमतात, याचे कारण समजून घेतले पाहिजे.

ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा यांचे जलाशय आहेत, ज्यांचे पाणी मुंबईचे नळ भरते, त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. तानसाचे धरण १८९२ साली पूर्ण झाले; सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, पण उशाशी पाणी असून घशाला कोरड ही स्थिती काही पालटली नाही. भातकापणी आटोपली की कातकरी आणि इतर भूमिहीन कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली, भातखाचरात कुणाला सर्पदंश झाला, तर चांगला दवाखाना दूर असतो. अशा ठिकाणी जो कोणी रक्तदाब तपासतो, मुलाच्या हाती पाटी देतो, बाईला शिवणयंत्र चालवायला शिकवतो, त्याच्या दारी लोक जाणारच. हा त्या लोकांचा दोष नव्हे. शासनाने आणि आम्ही सर्वांनी जी पोकळी तशीच ठेवली, तिचा तो पुरावा आहे.

ख्रिस्ती मिशनांनी ही पोकळी महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे मांडले. तेथे शाळा निघाल्या; १८४२ साली 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू झाले. मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी आपली शाळा काढली. स्वतः जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. म्हणजे आपल्या या महान पूर्वसूरींनी मिशनच्या शाळेचा लाभ घेतला, तिच्यातील चांगले उचलले, आणि तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सार्वजनिक सत्यधर्माचा मार्ग धरला. शेजाऱ्याच्या दारी कसे जावे आणि कसे परत यावे, याचा याहून चांगला धडा दुसरा कोणता?

पुढे डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभारले, पंडिता रमाबाईंनी केडगावला 'मुक्ती'मध्ये दुष्काळात सापडलेल्या मुली आणि निराधार स्त्रिया यांना आसरा दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी भजन-कीर्तनाच्या वळणाने ख्रिस्ती उपासनेला मराठमोळे रूप दिले. यातील प्रत्येक गोष्टीत एक समान सूत्र दिसते. एका दिवसाच्या सोहळ्यावर ते थांबले नाहीत. सोहळ्यातून वर्ग, वर्गातून शाळा, शिबिरातून दवाखाना, असे त्यांचे काम चिकाटीने वाढत गेले.

बाबासाहेबांचा निवाडा

या कामाविषयी बाबासाहेबांचे मत काय होते, हे नवदीक्षितांनी जाणून घेतले पाहिजे. कारण त्यांच्या नावावर हवे ते खपवणारे लोक दोन्ही बाजूंस आहेत. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर ख्रिस्ती धर्मासह अनेक धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे आशेने पाहत होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ते ख्रिस्ती बांधवांच्या सभेत बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला आकृष्ट केले आहे, असे त्यांनी तेथे मोकळेपणाने सांगितले. परंतु त्याच सभेत त्यांनी दोन सडेतोड गोष्टीही ऐकवल्या. चर्चमध्ये जाऊनही जात सुटत नाही, ही पहिली. आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्या राजकीय व सामाजिक हक्कांसाठी झगडत नाही, ही दुसरी. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी जे सविस्तर लेखन केले, त्यातही मिशनांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय त्यांनी नाकारले नाही. पण धर्मांतरित माणसाच्या मनातील जुने संस्कार धुवून काढण्यात मिशने अपुरी पडली, असा स्पष्ट ठपका ठेवला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ख्रिस्ती समाजातील विचारी माणसांनी हा ठपका अगदीच कानाआड केला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्येही जातिभेद शिल्लक असल्याचे त्यात मान्य केले. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या चळवळीत जमीन, पाणी आणि झाडे यांसाठी बलदंडांशी सामना केला. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. धर्मगुरूने प्रार्थनेपुरते न थांबता गावाच्या पाण्यासाठी उभे राहावे, हे उदाहरण टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरकरांस विशेष बोलके वाटले पाहिजे.

त्यांचा हक्क तो आपला हक्क

आता अधिक गंभीर गोष्टीकडे वळू. प्रार्थनासभा चालू असता जमाव आत घुसतो, "येथे धर्मांतर चालले आहे" अशी ओरड करतो, असे प्रकार देशात अनेक ठिकाणी घडले आहेत. असे काही आपल्या आसपास घडले तर काही बौद्ध तरुणांस वाटेल की, हे त्यांचे भांडण आहे, आपला काय संबंध? वाचकहो, हा संबंध फार जवळचा आहे.

भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकाचे, धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे वैध ठरवले. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. अशा कायद्यांचे निशाण मिशनऱ्यांवर आहे, असे आपणांस वाटत राहिले. परंतु एप्रिल २०२४ मध्ये गुजरात शासनाच्या गृहविभागाने परिपत्रक काढले की, बौद्ध धर्म हा वेगळा धर्म असल्याने हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाणाऱ्यासही २००३ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. म्हणजे जी बेडी पाळकासाठी घडवली असे आपण समजत होतो, ती दीक्षा घेणाऱ्या आपल्या बांधवाच्या हातात येऊन पडली! शेजाऱ्याच्या उपासनेचे दार ज्या दिवशी बंद होते, त्या दिवशी आपल्या विहाराच्या दाराचीही एक बिजागरी निखळते, हे विसरू नका. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख आणि ख्रिस्ती सुमारे ११ लाख; दोघे मिळून शंभरांत सातही भरत नाहीत. एवढ्या थोड्यांनी एकमेकांच्या हक्काकडे पाठ फिरवणे हे आत्मघाताचेच लक्षण होय.

सवलतींच्या बाबतीतही हेच. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या. पण केंद्राचे दार आपल्यासाठी १९९० साली उघडले. दीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षे! धर्म बदलला म्हणून अस्पृश्यतेच्या जखमा भरून आल्या असे मानणे किती अन्यायाचे आहे, हे आपल्याइतके कोण जाणतो? हाच अन्याय दलित ख्रिस्त्यांना अजून भोगावा लागत आहे. २०२२ साली केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोग नेमला. "आपल्या ताटात वाटेकरी येतील" अशी भीती आपल्यातले काही दाखवतात. माणसे वाढली तर ताटही वाढले पाहिजे, अशी मागणी करावी; भुकेल्याला दाराबाहेर ठेवण्याची मागणी आपण करू नये. अनुसूचित जमातींच्या दर्जाला मात्र धर्माची अट नाही. तेव्हा ठाकूर, कातकरी किंवा वारली बांधव चर्चमध्ये गेला म्हणून त्याचे हक्क गेले, असे कोणी धमकावीत असेल तर त्याला स्पष्टपणे अडवा.

जावे ते कसे जावे?

आता आचरणाच्या चार गोष्टी.

आमंत्रण आले तर सन्मानाने जा. त्यांची गाणी ऐका, देखावा पाहा, त्यांच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची विचारपूस करा. उपासना चालू असता शांत बसा. प्रभुभोजनाचा विधी हा बाप्तिस्मा घेतलेल्यांचा असतो; तेथे पुढे जाऊ नका, आणि त्यात संकोच मानू नका. मुलाने विचारले की, "येशू आपला देव का नाही?" तर त्याला गप्प बसवू नका. त्याला सांगा की, येशूला ते तारक मानतात आणि त्याच्या करुणेचा आपण आदर करतो. परंतु तथागताने स्वतःला मोक्षदाता म्हणवले नाही, त्याने मार्ग दाखवला आणि चालण्याचे काम ज्याचे त्याच्यावर सोपवले. हे उत्तर जर आईबापांनाच ठाऊक नसेल, तर दोष आमंत्रण देणाऱ्याचा नाही.

आरोग्य शिबिरात जरूर जा. औषध घ्या, सल्ला घ्या, आभार माना. परंतु कोणी सांगू लागला की केवळ प्रार्थनेने क्षय बरा होतो किंवा गोळ्या बंद करा, तर त्याचे ऐकू नका. भगताचा अंगारा आणि असला दावा यांत काडीचाही फरक नाही. विंचू किंवा साप चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मंत्र कोणत्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही. आपल्या विहारात कोणी गंडेदोरे बांधू लागला तर त्यालाही हाच न्याय लावा.

मदत घ्या, पण नाव विकू नका. धर्म बदलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. आपणही तो वापरला. एखाद्या बौद्धाने विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर त्याच्याशी वैर धरण्याचे कारण नाही. परंतु पोत्याभर तांदळासाठी किंवा वसतिगृहातील जागेसाठी मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवणे हे शीलाला धरून नाही. जो तांदळासाठी इकडे जातो, तो उद्या लुगड्यासाठी आणखी कोठे जाईल.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे, परत आमंत्रण द्या. बुद्धपौर्णिमेस त्यांच्या पाळकांना, फादरांना, सिस्टरांना बोलवा. खीर द्या, आपले बोलणे त्यांना ऐकू द्या. टँकरच्या मागणीसाठी, भट्टीवरच्या मुलांच्या शाळेसाठी दोघे मिळून तहसील कचेरीत जा. केवळ पाहुणा म्हणून वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या दारी जाणारा माणूस शेवटी याचक होतो. यजमान झाल्याखेरीज बरोबरी येत नाही.

आपल्या विहाराचे कुलूप

येथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. यजमान व्हायचे तर घर उघडे हवे. आपल्या गावच्या विहाराचे कुलूप वर्षातून किती दिवस निघते, ते मोजा. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. फार तर वर्षावासात काही दिवस. एरवी व्हरांड्यात शेळ्या बसतात. तिकडे दहा घरांची ख्रिस्ती मंडळी रविवार चुकवत नाही. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, हे त्यांना आठ दिवसांत कळते. मुलांचा वर्ग वेगळा, तरुणांचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. थैली फिरते, जमेल तसे दान पडते आणि हिशेब मंडळीपुढे येतो. त्यांच्या उपक्रमांचे सामर्थ्य परदेशी पैशात आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु दर आठवड्यास न चुकता एकत्र येण्यास परदेशातून पैसा लागत नाही.

बाबासाहेबांनी ही उणीव दीक्षेच्या कितीतरी आधी पाहिली होती. १९५० साली महाबोधी सभेच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी खंत व्यक्त केली की, सेवा म्हटली की लोकांना रामकृष्ण मिशन आठवते, बौद्ध संघ कोणालाच आठवत नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी प्रश्न केला की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण पुरुष व्हावा की समाजसेवक. आणि समाजसेवक झाला तरच तो धम्माची आशा ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास देण्याचे आवाहन केले. ख्रिस्ती परंपरेत दशांश सांगितला आहे. बाबासाहेबांनी आपल्याकडे त्याच्या निम्मेच मागितले. ते तरी आपण दिले काय?

ही रीत आपल्या मातीला परकी नाही. मुरबाडहून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग होय. त्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा माल देशावर जाई. त्याच कल्याणच्या लोकांनी कान्हेरीच्या विहारांना दाने दिल्याचे शिलालेख आजही वाचता येतात. त्यांत सावकार तर आहेतच. पण कल्याणचा एक सोनार पाण्याची पोढी खोदवून देतो आणि एक लोहार वाट बांधून देतो. पाणी आणि वाट! दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासकांना धम्मकार्य म्हणजे काय ते ठाऊक होते. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना नेमके तेच हवे आहे.

तेव्हा येत्या रविवारपासून आरंभ करा. सकाळी एक तास विहार उघडा. वंदना घ्या, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मधील एक प्रकरण कोणीतरी मोठ्याने वाचा, जो अर्थ समजला तो बोला. पुढचा अर्धा तास मुलांच्या अभ्यासास द्या. दहावी-बारावी झालेली मुलगी वस्तीत असेल तर तिच्याकडे तो वर्ग सोपवा. एका वहीत आजाऱ्यांची, गरोदर स्त्रियांची आणि भट्टीवर गेलेल्या मुलांची नोंद ठेवा. दानपेटीचा हिशेब महिन्यास भिंतीवर लावा. पाच घरे आली तर पाच घरांनिशी चालवा, पण रविवार चुकवू नका. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब आले तर त्याला बसायला चटई द्या.

असा विहार ज्या वस्तीत उघडा असेल, तेथे नाताळाचे आमंत्रण आले म्हणून कोणाच्या पोटात गोळा उठणार नाही, आणि तांदळाच्या पोत्यापुढे कोणाची मानही लवणार नाही. तेथले आईबाप लेकराचा हात धरून शेजाऱ्याच्या सोहळ्यास जातील, आनंदाने बसतील आणि रविवारी पुन्हा आपल्या विहारात येतील.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.